चौथा झोन

१

अलार्म खरा वाजला, असं माझ्या अकरा वर्षांच्या नोकरीत दोनदाच झालं होतं. एकदा मेहकरला सराफाच्या दुकानात आणि एकदा धाडला खताच्या गोदामात. बाकी सगळ्या वेळी पाल. पाल नसली तर कोळी, कोळी नसला तर कूलरच्या वाऱ्यानं हलणारा पडदा, नाहीतर उतरलेली बॅटरी. लोक घाबरून अकोल्याच्या ऑफिसला फोन करतात, ऑफिस मला कळवतं, मी चिखलीहून मोटरसायकलवर जातो, स्टुलावर चढून सेन्सरचं झाकण काढतो, ब्रशनं झाडतो आणि पावती फाडतो.

व्हिजिट चार्ज सहाशे, वर जीएसटी, म्हणजे सातशे आठ. चिखलीपासून चाळीस किलोमीटरच्या पुढे असेल तर पेट्रोलचे दोनशे वेगळे. वर्षाचा करार केलेला असला तर दोन फेऱ्या फुकट. पण करार कोणी करत नाही. चोराची भीती वाटते म्हणून लोक अलार्म बसवतात, आणि मग आयुष्यभर त्यांना आमच्या पावतीची भीती वाटत राहते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातून रुपालीचा फोन आला. तक्रारी तीच घेते.

"शेखरभाऊ, देऊळगाव राजाचे काका लय तापून राह्यले. तीन फोन झाले सकाळपासून. रोज दुपारी हूटर वाजते म्हणतात."

"रोज?"

"रोज. सव्वातीनले."

मी हसलो होतो, ते मला आठवतं. पालीला घड्याळ कळायला लागलं, असं काहीतरी म्हणालो होतो.

२

घर जालना रोडच्या बाजूला, नव्या वसाहतीत. आजूबाजूला अर्धे प्लॉट रिकामे, बाभळी माजलेल्या. सहा वर्षांपूर्वी मोकळ्या वावरात पाडलेले प्लॉट. त्या जागेवर आधी कपाशीशिवाय काही उभं राहिलेलं नव्हतं. खाली हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली. वर एकच खोली आणि गच्ची.

अनंतराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. दार उघडलं ते हातात जुनी पावती घेऊनच.

"आत येण्याआधी सांगा, आजचे किती?"

मी सांगितलं.

"म्हणजे यंत्र तुमचं, बिघाड तुमचा, आणि भुर्दंड माझा. सरकारी खात्यात मी बत्तीस वर्षं काढली, पण हा हिशोब तिथेही नव्हता हो."

त्यांच्या मागून प्रेमलाकाकू आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, भिंतीला हात टेकत चालणाऱ्या. गुडघे गेलेले. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उन्हातून आलेत ते. बसू तर द्या."

गेल्या दिवाळीच्या सुमारास वसाहतीत दोन घरं गच्चीच्या दारानं फुटली होती. म्हणून त्यांच्या मुलीनं, पुण्याच्या नीरजानं, हा अलार्म बसवून घेतला होता. चार झोनचं साधं पॅनल. पुढचं दार, मागचं दार, हॉल, आणि चौथा झोन म्हणजे वरची खोली. घरात माणसं असताना हॉलचा सेन्सर बंद ठेवायचा, बाकीचे तीन चालू. वर कोणी जातच नव्हतं. खोली मुलासाठी, शौनकसाठी बांधली होती. तो बंगळूरला, दोन वर्षांत दोन रात्री आला असेल, त्याही खाली हॉलमध्ये झोपून काढल्या.

मी पॅनलची नोंद उघडली. अकरा दिवस. झोन चार, झोन चार, झोन चार. वेळ तीन वाजून चौदा, पंधरा, पंधरा, सोळा.

वर गेलो. खोली स्वच्छ, रंगाचा वास अजून न गेलेला. एक पलंग, त्यावर नवी गादी, दुकानातलं प्लास्टिकही न काढलेली. एक खिडकी, तिला पडदा नाही. गच्चीचं दार आतून कडी लावून कुलूपबंद. सेन्सर कोपऱ्यात. झाकण काढलं तर आत बारीक कोळ्याचं जाळं. मला हायसं वाटलं. मी ते झाडलं, खिडकीतून ऊन कुठवर येतं ते पाहिलं, सेन्सरचं तोंड थोडं खाली वळवलं. खाली येऊन पावती फाडली.

"कोळी होता काका."

"कोळ्याचे नऊशे आठ," अनंतराव म्हणाले, आणि पैसे मोजून दिले.

मी बूट घालत असताना काकू जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. वर बघत नव्हत्या, पण मान किंचित कलती होती, ऐकणाऱ्या माणसाची असते तशी.

३

चौथ्या दिवशी पुन्हा फोन.

तीस दिवसांच्या आत तीच तक्रार आली की व्हिजिटचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. ते माझ्या भत्त्यातून जातात. कंपनीचा नियम आहे, आणि तसा तो बरोबरच आहे. मी नवा सेन्सर घेऊन निघालो. या वेळी मुद्दाम अडीचला पोचेन असा, म्हणजे सव्वातीनला मीच वर असेन.

नवा सेन्सर बसवला. मग चालून बघायची चाचणी लावली. या चाचणीत हूटर वाजत नाही. तुम्ही खोलीत हललात की सेन्सरवरचा लाल दिवा लागतो, थांबलात की विझतो. मी पलंगापासून दारापर्यंत चाललो. दिवा लागला. थांबलो. विझला. पुन्हा चाललो, पुन्हा लागला. अगदी चोख.

तीन वाजून बारा मिनिटांनी मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. पंखा बंद. खिडकी बंद. बाहेर कुठेतरी टँकरच्या मोटारीची घरघर, तीही थांबली. घामाचा थेंब कानामागून मानेवर उतरला तरी मी हात वर नेला नाही. हललो तर दिवा लागणार, आणि मग मला काहीच कळणार नव्हतं.

दिवा लागला.

विझला. पुन्हा लागला. माझ्या चालण्यावर जसा लागत होता त्याच तालावर. पलंगापासून दारापर्यंत सहा पावलं होतात, मी मघाशी मोजली होती. दिवा सहा वेळा लागला. मग थांबला. मग पुन्हा सहा वेळा.

गरम हवेचा झोत आला तरी असं होतं. उन्हानं भिंत तापून होतं. वायरीत गळती असली तरी होतं. मी ही कारणं मनात एकामागून एक म्हणत होतो, आणि माझी पाठ भिंतीपासून सुटत नव्हती. तिसऱ्या खेपेला दिवा चार वेळाच लागला आणि मग लागलेलाच राहिला. पलंग आणि दार यांच्यात, चौथ्या पावलापाशीच, मी भिंतीला टेकून उभा होतो. म्हणजे जे काही होतं ते माझ्या समोर येऊन जागच्या जागी हलत होतं.

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. अनंतराव हॉलमध्ये झोपले होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या.

"यंत्र खराब नाही, शेखरभाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही उगीच बदलत बसू नका. हूटर वाजायच्या आधीच मला कळतं."

"कसं कळतं?"

"घरात कोणी दाराआड थांबलं असलं, की आपल्याला कळतं ना. तसं."

"काकांना सांगितलं?"

"ते म्हणतात, तुझे कान गेले. नीरजाला सांगितलं तर ती म्हणेल, आई पुण्याला चल. मला हे घर सोडायचं नाही हो. आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेलं. हे एक झालं आपलं."

४

तिसरी खेप पंधरा दिवसांनी. अनंतरावांनी या वेळी कागदच तयार ठेवला होता. तारखा, वेळा, दिलेली रक्कम.

"मला सेन्सर नको, कॅमेरा नको. कॅमेरा घेतला की उद्या कॅमेऱ्याची व्हिजिट. तुम्ही ही वरची कटकट बंद करा. शेजारचे लोक येऊन बोलून जातात."

"काका, एक झोन बायपास करता येतो. बाकीचे चालू राहतात."

"मग करा की. हे पहिल्या दिवशी का नाही सुचलं?"

बायपास करणं म्हणजे पॅनलला सांगणं, की या खोलीकडे लक्ष देऊ नको. तिथे काहीही झालं तरी गप्प राहा. पॅनलवर पाच बटणं दाबायची असतात. कायद्यानं, नियमानं, गिऱ्हाईकानं सांगितलं की ते करता येतं.

काकू पुढे आल्या. "म्हणजे आता वर काही झालं तर आम्हाला कळणार नाही?"

"नाही काकू."

"पण वर ते होतच राहील."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. खरं सांगायचं तर मला त्या खोलीत पुन्हा जायचं नव्हतं. भत्ता कापला जाण्याचं कारण मी स्वतःलाच देत होतो, पण ते खोटं होतं. मी पाच बटणं दाबली. चौथा झोन बंद झाला. कागदावर लिहिलं: तपासणी केली, दोष आढळला नाही. अनंतरावांनी सही केली, वळणदार, सरकारी.

त्या दिवशी सव्वातीनला मी तिथेच होतो. हूटर वाजला नाही. घर शांत. अनंतरावांनी पहिल्यांदाच मला चहा घेऊन जा म्हटलं.

५

दहा-बारा दिवस बरे गेले. म्हणजे कामं बरी झाली. मी बरा नव्हतो. दुपारी तीन वाजले की मी कुठेही असलो तरी हातातलं काम थांबायचं. चिखलीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये शिडीवर असताना खाली उतरून उगीच दोनदा पाणी प्यालो. घरी झोप लागेना. एका पहाटे बायको, छाया, उठून बसली.

"काऊन तळमळून राह्यले तुम्ही?"

"काई नाही. गरम होते."

"कूलर तर चालू आहे."

मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग तुम्ही त्या म्हाताऱ्या माणसांना तिथंच काऊन सोडून आले.

दुसऱ्या दिवशी प्रेमलाकाकूंचा फोन आला. ऑफिसला नाही, माझ्या नंबरवर.

"शेखरभाऊ, ते पुन्हा चालू करून द्याल का? पैसे मी देईन, ह्यांना सांगू नका."

"काय झालं काकू?"

"ह्यांचं वागणं बदललंय. चांगलं वागतात. माझ्यावर खूश असतात. मी काही केलेलं नसताना."

मला त्यातलं काही कळलं नाही. उद्या येतो म्हणालो. उद्या धाडचं काम निघालं, बाजाराचा दिवस, तिथेच संध्याकाळ झाली. परवा गाडीचं टायर. मग रविवार. मी चार दिवस काढले, आणि प्रत्येक दिवसाला माझ्याजवळ कारण होतं.

६

पाचव्या दिवशी गेलो. पावणेतीन वाजले होते. पुढचं दार उघडंच होतं. अनंतराव हॉलमध्ये आरामखुर्चीत बसले होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. ती नुकतीच वर गेली झोपायला."

"काकू? वर?"

"हो. आता रोज दुपारी वरच झोपते. तिथे तिला छान झोप लागते." त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी कधी पाहिला नव्हता. "आणि गंमत बघा, गुडघे बरे झाले. कठडा न धरता चढते. नव्या तेलाचा गुण. पंचवीस वर्षांपूर्वी चालायची तशी चालते हो."

मला इतकं हलकं वाटलं की मी हसलो. म्हणजे काकूच वर जाऊन झोपतात, सगळं ठीक आहे. मी पॅनलपाशी गेलो, अलार्म बंद ठेवूनच बायपास काढला. पॅनलवर चौथ्या झोनचा दिवा लागला. वर कोणीतरी हलत होतं. असणारच, काकू होत्या वर.

"फोन केला होता त्यांनी, म्हणून आलो," मी म्हणालो. "आजचे काही नको काका."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. प्रेमलाकाकू स्वयंपाकघरातून भिंत धरत धरत बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत गव्हाच्या चिकानं भरलेले.

"शेखरभाऊ, कधी आलात? मी मागे कुरडया घालत होते, आवाजच आला नाही."

अनंतराव त्यांच्याकडे बघत राहिले. मग जिन्याकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे.

"तू आत्ता वर गेलीस," ते म्हणाले.

"मी? मला देवाच्या पाटावर चढता येत नाही. दिवाळीपासून मी वर गेलेली नाही."

"माझ्यासमोरून गेलीस. रोज जातेस. चार वाजता उतरतेस, इथे समोर बसतेस. मी तुझ्याशी बोलतो."

काकूंचे चिक लागलेले हात तसेच अधांतरी राहिले. "आणि मी काय बोलते?"

अनंतरावांनी आठवून पाहिलं.

"काही नाही," ते म्हणाले. "तू ऐकतेस फक्त."

पॅनलवरचा चौथा दिवा विझला. खोलीत आता कोणी हलत नव्हतं. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर पाऊल टेकलं. तो आवाज आम्ही तिघांनीही ऐकला. अनवाणी, सावकाश, न थबकता. दुसरी पायरी. तिसरी. जिना मध्यावर वळतो, त्यामुळे खालून वरच्या सात पायऱ्या दिसत नाहीत. सातव्या पायरीवर पाऊल थांबलं. वळणाच्या भिंतीशी, कमरेच्या उंचीवर, लुगड्याच्या काठाएवढी निळी पट्टी दिसली. काकूंच्या अंगावर निळंच लुगडं होतं.

अनंतराव उठून जिन्याकडे निघाले. काकूंनी त्यांचं मनगट धरलं, चिक त्यांच्या शर्टाला लागला.

"जाऊ दे मला," ते म्हणाले. "घाबरली असेल ती."

"ती कोण?" काकूंनी विचारलं. तेव्हा ते थांबले. वळणाशी पट्टी नव्हती.

७

वर मी गेलो. कोणीतरी जायलाच हवं होतं, आणि ती खोली मीच गप्प केली होती. हातात मोठा पेचकस होता. तो घेऊन मी काय करणार होतो, कोणास ठाऊक.

खोलीत कोणी नव्हतं. गच्चीच्या दाराला आतून कडी आणि कुलूप तसंच. खिडकी बंद. पण गादीवरचं प्लास्टिक काढलेलं होतं आणि गादीत एका कुशीवर झोपलेल्या माणसाएवढा खळगा होता. हात लावला तर उन्हाळ्याच्या त्या तापलेल्या खोलीत तेवढीच जागा गार लागली. पायथ्याशी प्लास्टिकची व्यवस्थित घडी ठेवलेली.

ती घडी मी खाली आणली. का आणली, सांगता येत नाही. पुरावा म्हणून असेल. काकूंनी हात धुतले होते. त्यांनी ती हातात घेतली नाही, नुसती पाहिली.

"कोपरे आत घातलेत आणि शेवटचा पदर खाली दुमडलाय," त्या म्हणाल्या. "माझी आई अशी घडी घालायची. तिच्यानंतर मीच घालते. नीरजाला कधी जमली नाही."

मी नीरजाताईंना फोन लावून दिला. काकूंनी फक्त एवढंच सांगितलं, की आम्ही आज येतोय. मी जीप ठरवली, दोन पिशव्या, औषधं, देवातला बाळकृष्ण. अनंतराव मुकाट्यानं बसले. जालन्याला पुण्याची गाडी लागेपर्यंत मी त्यांच्यासोबत थांबलो.

"काकू," मी म्हणालो, "माझी चूक झाली. काकांनी सांगितलं म्हणून नाही, मला भीती वाटली म्हणून मी तो झोन बंद केला."

"माहीत आहे. बटणं दाबताना तुम्ही एकदाही जिन्याकडे पाहिलं नाही." त्यांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. "माणसाला भीती वाटते हो. त्यात काय. पण तुम्ही पुन्हा आलात."

गाडी सुटताना अनंतराव खिडकीतून मागे, देऊळगावच्या रस्त्याकडे बघत होते. कोणाला तरी मागे ठेवून निघालेला माणूस बघतो तसे.

८

जून संपता संपता काकूंचा फोन आला. मुलीच्या फ्लॅटमधून, तिसऱ्या मजल्यावरून. नीरजा आणि जावई दिवसभर कामावर.

"शेखरभाऊ, पुण्याला येऊन अलार्म बसवाल? तुमचा येण्याजाण्याचा खर्च, व्हिजिट, जे होईल ते मी देईन."

"काकू, तिथं पुष्कळ कंपन्या आहेत. दोन तासांत माणूस येईल."

"इथल्या माणसाला मी काय सांगू?" त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "हे पुन्हा बोलायला लागलेत दुपारचे. मी आत स्वयंपाकघरात असते आणि हे हॉलमध्ये बोलत असतात. काल म्हणाले, तू आताशा उत्तर द्यायला लागलीस, बरं वाटलं."

मी व्हिजिटचं काही घेणार नाही म्हणालो. ऑफिसात रुपालीला दोन दिवसांची रजा सांगितली. सेन्सर, पॅनल, वायर स्वतःच्या पैशानं घेतली. रात्रीच्या गाडीनं निघालो.

निघण्यापूर्वी काकूंनी एक गोष्ट दोनदा बजावली होती. "मी खाली फाटकाशी उभी राहीन. चुकामूक झाली आणि तुम्ही वर आलात, तर दार मी उघडलं तरी आत येऊ नका. आधी माझ्या मोबाईलला फोन लावा. माझ्या हातात वाजला तरच या."

गाडी अर्धा तास आधी, सकाळी साडेनऊलाच पोचली. फाटकाशी कोणी नव्हतं. पहारेकरी म्हणाला, आजी आत्ताच औषधाच्या दुकानात गेल्या, येतील. मी थांबायला हवं होतं. पण रात्रभर डोळा लागलेला नव्हता आणि एका जागी उभं राहवत नव्हतं. मनात आलं, अनंतराव वर एकटे आहेत. मी जिन्यानं चढलो.

तिसऱ्या मजल्यावर आतलं दार उघडं होतं, बाहेरचं जाळीचं दार लावलेलं. जाळीच्या पलीकडे अंधुक उजेड. मी घंटी वाजवण्याआधीच आतून कोणीतरी आलं. ठेंगणं. चष्म्याच्या काचा तेवढ्या चमकल्या. भिंतीला हात न टेकता.

"या शेखरभाऊ," आवाज काकूंचाच होता. "हे झोपलेत. या आत."

मी फोन काढला. बोटं घामानं काचेवर घसरत होती. नंबर लावला.

जाळीआड उभ्या असलेल्या बाईंचे दोन्ही हात मला दिसत होते, मोकळे, एकमेकांत गुंफलेले. घरात कुठेच काही वाजलं नाही. कानाला लावलेल्या फोनमध्ये रिंग जात होती, आणि मग तळमजल्यावरून, लिफ्टच्या बोळातून, एक बारीक आवाज यायला लागला. फोन वाजत होता. लिफ्ट सुरू झाली. आवाज एक मजला वर आला. मग दुसरा.

मला ओरडायचं होतं, की काकू, खालीच थांबा. पण फोन त्यांनी उचललेला नव्हता, रिंग जातच होती.

जाळीआडच्या बाईंनीही तो आवाज ऐकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. आतून कडी सरकवली, जाळीचं दार सताड उघडलं, आणि उंबऱ्यातल्या चपला पायानं एका बाजूला सारून, लिफ्टमधून येणाऱ्या माणसासाठी वाट मोकळी केली.